कातळशिल्पांचे धुरकट फोटो आणि पंधरा वर्षांचा डी९०

तक्रार एका ओळीची होती : "कॅमेरा म्हातारा झालाय, फोटो धुरकट येतात. आता नवीन कुठला घेऊ?"

विचारणारे सर रत्नागिरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमधून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारांवर, फिरून कातळशिल्पांचे फोटो काढायचे, आकृतीचं रेखाटन करायचं आणि तारीख-जागेसकट वहीत नोंद ठेवायची, हा त्यांचा नेम बऱ्याच वर्षांचा आहे. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली ही चित्रं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा मिळून नऊ ठिकाणं त्या यादीत आहेत. पण यादीबाहेरच्या, कुठल्याशा वाडीमागच्या कातळावर पडून असलेल्या आकृत्या कितीतरी अधिक. त्यांना ना कुंपण, ना पाटी. चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, सरकत सरकत जवळ आली किंवा कुणी घराचा पाया काढला, की संपलं. मग त्या आकृतीचा उरतो तो फोटोच. म्हणून या फोटोंचा दर्जा मला हौसेचा प्रश्न वाटत नाही.

कॅमेरा निकॉनचा डी९०. २००८ साली आलेलं मॉडेल, १२.३ मेगापिक्सेल, सोबत १८-१०५ एमएमची लेन्स. सरांनी तो २०१० साली घेतला आणि तेव्हापासून तोच वापरला. गावातल्या वाचनालयात प्रदर्शन लावायचं ठरलं होतं, २४ बाय १६ इंचांच्या प्रिंट हव्या होत्या. चाचणीसाठी काढलेली पहिली प्रिंट पाहून त्यांचा धीर सुटला. खोदलेली रेघ आणि दगडाचा नैसर्गिक खडबडीतपणा यांतला फरकच त्या प्रिंटवर कळत नव्हता.

नवीन कॅमेरा सुचवणं सोपं होतं. पण कॅमेऱ्यात नेमकं काय बिघडलंय हे कळल्याशिवाय नवा घेतला, तर तेच दोष नव्या बॉडीबरोबरही (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याबरोबरही) येतात. म्हणून आधी तपासणी करायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरवलं.

सेन्सरवरचा संशय

सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला उजेड टिपणारा भाग, जुना झाला की फोटो मऊ पडतात, असा समज फार पसरलेला आहे. सेन्सरची तीक्ष्णता वयाबरोबर अशी कमी होत नाही. पिक्सेल जागच्या जागी असतात, संख्या तीच असते. वयाने वाढतात ते 'हॉट पिक्सेल', म्हणजे ठरलेल्या जागी पेटणारे लाल-निळे ठिपके. ते लांब एक्स्पोजरमध्ये दिसतात आणि रॉ फाइल (सेन्सरने टिपलेला कच्चा फोटो) उघडणारी बहुतेक सॉफ्टवेअर ते काढूनही टाकतात. झिजते, मळते, हलते ती सेन्सरच्या आजूबाजूची मंडळी : लेन्सच्या काचा, फिल्टर, फोकसची यंत्रणा, बॅटरी. आणि वापरणाऱ्याचे डोळेही.

हे बोलून पटण्यापेक्षा दिसायला हवं, म्हणून घरातच चाचणी केली. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवलं. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाला दिलेली संवेदनशीलता) २००, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक), फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, चित्र मोठं करून. आधी सरांची झूम लेन्स ३५ एमएमवर ठेवून एक फोटो घेतला. मग तिच्या जागी माझी ३५ एमएम एफ/१.८ लावून दुसरा. बॉडी तीच, उजेड तोच.

माझ्या लेन्सच्या फोटोत छोट्या जाहिरातींतली अक्षरं कोपऱ्यापर्यंत कोरल्यासारखी आली. सरांच्या लेन्सच्या फोटोत अक्षरं वाचता येत होती, पण काळा रंग काळा नव्हता, राखाडी होता, आणि पांढऱ्यावर एक दुधाळ पदर होता. सेन्सर निर्दोष सुटला. सरांनी दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझा कॅमेरा अजून बघतोय नीट. चष्माच खराब झालाय."

लेन्समध्ये काय होतं

पहिला थर सापडला तो लेन्सवरच्या यूव्ही फिल्टरचा. फिल्टर लावला की लेन्स सुरक्षित राहते म्हणून दुकानातच बसवून दिलेला आणि त्यानंतर कधीच न निघालेला. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर त्यावर बसलेला, आणि तो शर्टाच्या टोकाने वेळोवेळी पुसल्यामुळे पडलेले बारीक ओरखडे. नुसता फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घेतला, तर निम्मा धुरकटपणा गेला. डिजिटल सेन्सरला यूव्ही फिल्टरची तशी गरज नसते. वाऱ्यात, धुळीत काच वाचवायला लावायचा तर चांगल्या कोटिंगचा (काचेवरच्या पातळ लेपाचा) लावावा. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या पाठीमागून ऊन असेल किंवा कॅमेरा उजेडाकडे असेल, तर काढून ठेवावा आणि हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं उजेड अडवणारं कडं, लावावा. सरांचा हुड खोक्यातच होता.

उरलेला धुरकटपणा आतला होता. खोली अंधारी केली, लेन्स काढून अ‍ॅपर्चर म्हणजे आतलं छिद्र बोटाने उघडं धरलं आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारला. समोरून पाहिलं, तर पुढच्या काचेच्या मागे, कडेपासून आत येणारी बारीक पांढरी जाळी. बुरशी. कॅमेऱ्याचं काम करणारे लोक सरळ 'फंगस लागलाय' म्हणतात. समोरून साध्या उजेडात पाहिलं, तर ती दिसत नाही. लोक काच स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहतात ते त्यामुळेच.

लेन्स ठेवायची जागा पाहिली आणि कारण लक्षात आलं. कॅमेरा मूळच्या फोमच्या बॅगेत, बॅग लोखंडी कपाटात रेशमी साड्यांच्या कप्प्याखाली, आणि कप्प्यात डांबरगोळ्या. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटातली हवा महिनोन्‌महिने ओलसर राहते, फोम ती ओल धरून ठेवतो, आणि डांबरगोळ्या किंवा कापूर कॅमेऱ्याजवळ ठेवू नये हे तर कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं. साठ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत ठेवू नये, हेही तिथेच असतं. रत्नागिरीत जुलैमध्ये घरातली हवा साठच्या खाली आणायची, तर त्यासाठी मुद्दाम काही करावंच लागतं.

उपाय महाग नाही. झाकणाला रबर असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. फार कोरडंही नको, आतली वंगणं आणि रबर सुकतात. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर पसरून गरम करायचे, ओल उडाली की ते पुन्हा मूळ रंगावर येतात. आणि पावसाळाभर कॅमेरा बंद करून ठेवू नये. आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात ठेवणं, झूमची रिंग फिरवणं, दोन-चार फोटो काढणं यातून बुरशीला निवांत अंधार मिळत नाही. ज्यांच्याकडे लेन्स जास्त आहेत, त्यांनी विजेवरची ड्राय कॅबिनेट घ्यावी, पण एका कॅमेऱ्याला डबा पुरतो.

लागलेल्या बुरशीसाठी लेन्स कोल्हापूरच्या एका कारागिराकडे दिली. त्याने पुढचा गट उघडून काच साफ केली. जाळी गेली, पण कडेला कोटिंगवर तिच्या मुळांच्या खुणा राहिल्या. बुरशी कोटिंग खाते, आणि खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. थेट उजेडाकडे कॅमेरा केला तर त्या खुणांचा थोडा परिणाम अजून दिसतो, एरवी नाही. इथे एक हिशोब आधी करावा : ही लेन्स सेकंडहँड बाजारात भरपूर मिळते. दुरुस्तीचा खर्च जुन्या चांगल्या लेन्सच्या निम्म्याहून वर जात असेल, तर दुरुस्ती करू नये. सरांच्या बाबतीत खर्च तेवढा नव्हता, म्हणून उघडली.

आकाशातले डाग, आणि डोळ्यांचा नंबर

सरांच्या फोटोंत आकाशात गोल, करडे डाग होते, प्रत्येक फोटोत त्याच जागी. ही सेन्सरच्या समोरच्या काचेवर बसलेली धूळ. ती पाहायची रीत सोपी आहे : एफ/२२, पांढरी भिंत, मुद्दाम फोकस बाहेर, आणि शटर उघडं असताना कॅमेरा थोडा हलवायचा. भिंतीवरचे डाग पुसट होतात, सेन्सरवरचे जागच्या जागी राहतात. सरांच्या चाचणीच्या फोटोत वरच्या डाव्या भागात धुळीचा नुसता पुंजका होता. लेन्स काढून समोरून आत पाहिलं, तर तो पुंजका खालच्या डाव्या भागात असतो, कारण लेन्स चित्र उलटं टाकते. हे माहीत नसलं की लोक भलतीच जागा साफ करत बसतात.

मेन्यूतून सेन्सरसमोरचा आरसा वर करून, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून हाताच्या ब्लोअरने हवा मारली. बरीचशी धूळ तेवढ्याने गेली. चिकटलेले दोन-तीन डाग कारागिराने ओल्या स्वॅबने काढले. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचा एक थेंब आत उडाला तर काम दहापट वाढतं. डब्यातली दाबलेली हवाही नको.

व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीतून, दिसणारे काळे ठिपके मात्र वेगळे. ते फोकसिंग स्क्रीनवरचे (त्या खिडकीत चित्र उमटतं त्या काचेवरचे) असतात आणि फोटोत कधीच येत नाहीत. सर त्यांच्यामुळेही चिंतेत होते. ते आम्ही जसेच्या तसे सोडले.

व्ह्यूफाइंडरवरून दुसरीच गोष्ट सापडली. २०१० साली सरांना चष्मा नव्हता, आता आहे. व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं नंबर जुळवायचं चाक तेव्हापासून कुणी हलवलं नव्हतं. सर चष्मा काढून, डोळे बारीक करून पाहत आणि चित्र तसंही पुसटच दिसत असल्याने फोकस चुकला हे कळतच नसे. चाक फिरवून आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत जुळवलं. यावर काहीच खर्च झाला नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जुना कॅमेरा हातात घेतला की आधी हे चाक पाहावं.

फोकसची यंत्रणाही थोडी सरकली होती. पट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवून दोनदा फोटो काढले, एकदा व्ह्यूफाइंडरमधल्या ऑटोफोकसने आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये. लाइव्ह व्ह्यूचा फोकस सेन्सरवरच ठरतो, त्यामुळे तो बरोबर येतो. व्ह्यूफाइंडरचा किंचित अलीकडे येत होता. डी९०मध्ये हा फरक मेन्यूतून भरून काढायची सोय नाही. सर्व्हिसला देऊन जुळवून घेता आलं असतं, पण कातळ पळून जात नाही. ट्रायपॉड लावायचा, लाइव्ह व्ह्यू चालू करायचा, रेघेच्या कडेवर मोठं करून फोकस करायचा. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला मी हा सल्ला दिला नसता.

सवयींनी खाल्लेला दर्जा

इथपर्यंतचं सगळं वस्तूंचं होतं. खरी मोठी गळती सेटिंगमध्ये होती. त्या फसलेल्या प्रिंटची फाइल उघडून आकडे पाहिले : संध्याकाळ, हातात धरलेला कॅमेरा, एफ/२२, शटर १/३० सेकंद, आयएसओ १६००. जेपेग, आकार मध्यम, दर्जा 'नॉर्मल'. रंग 'व्हिव्हिड'. आयएसओचा नॉइज, म्हणजे फोटोत येणारे रवाळ ठिपके, कमी करायची सेटिंग 'हाय'वर.

यातली प्रत्येक गोष्ट सरांनी विचार करूनच ठेवली होती, आणि प्रत्येकीमागे कारण होतं. एफ/२२ कशासाठी? समोरपासून मागपर्यंत सगळं स्पष्ट यावं म्हणून. फोटोग्राफीच्या जुन्या शिकवणुकीत हे पाठच करून घेतात. पण छिद्र फार बारीक झालं की उजेड कडांवरून पसरतो आणि प्रत्येक बिंदूचा लहानसा डाग होतो. एफ/२२ला तो डाग जवळपास ३० मायक्रॉन रुंद. डी९०चा एक पिक्सेल साडेपाच मायक्रॉनचा. म्हणजे एक बिंदू पाच पिक्सेलांहून जास्त जागेत फासला जातो. एफ/८ला तोच डाग ११ मायक्रॉनच्या आत राहतो, दोनच पिक्सेल. १२ मेगापिक्सेलमधले कितीतरी पिक्सेल सर स्वतःच्या हाताने पुसत होते.

"मग मागचं स्पष्ट कसं येणार?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. १८ एमएमवर, एफ/८ला, दोन मीटरवर फोकस केला, तर एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत पुरेसं स्पष्ट येतं. सड्यावरच्या फोटोला एवढं भरपूर झालं.

आणि आता त्याच फाइलचा हिशोब उलटा मांडू. एफ/२२वरून एफ/८वर आलो की आठपट उजेड आत येतो. तेवढ्याने आयएसओ १६००वरून २००वर आणता येतो. शटर तोच, १/३०. त्याच संध्याकाळी, त्याच उजेडात, नॉइज जवळजवळ नसलेला फोटो या कॅमेऱ्याला काढता आला असता. हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा सर काही वेळ काहीच बोलले नाहीत, मग वहीत उतरवून घेतलं.

१/३० हातात धरून नको, म्हणून ट्रायपॉड. ट्रायपॉडवर लेन्समधली कंपन रोखायची सोय, म्हणजे व्हीआर, बंद करायची, नाहीतर तीच कंप पाडते. आरशाचा धक्का लागू नये म्हणून मेन्यूतली 'एक्स्पोजर डिले' चालू करायची. आरसा वर जातो, सेकंदभर थांबतो, मग शटर उघडतं.

मध्यम आकाराचं जेपेग ठेवलं होतं ते दोन जीबीच्या जुन्या कार्डात जास्त फोटो बसावेत म्हणून. मध्यम म्हणजे ३२१६ बाय २१३६, जवळपास सात मेगापिक्सेल. बाकीचे पाच कॅमेऱ्यातच टाकून दिले जात होते. शिवाय नॉइज कमी करायची तीव्र सेटिंग दगडाचा पोत आणि नॉइज यांत फरक करत नाही, दोन्ही एकसारखं गुळगुळीत करते. जांभ्याचा पोत गेला, की त्यातली छिन्नीची खूणही गेली. आम्ही फोटो रॉमध्ये घ्यायला सुरुवात केली. एक फाइल साधारण दहा-अकरा एमबीची होते. या कॅमेऱ्यात ३२ जीबीचं एसडीएचसी कार्ड चालतं आणि त्यात हजारो बसतात. ६४ जीबीचं एसडीएक्ससी घेऊ नये, हा कॅमेरा ते वाचत नाही.

जांभ्याचा रंग हा आणखी एक सापळा. गडद दगडाने चौकट भरली, की उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळ करतो. तांबूस दगडावर संध्याकाळचं पिवळं ऊन आणि वर 'व्हिव्हिड' रंग, म्हणजे लाल रंग भरून वाहतो. आणि भरून वाहिलेल्या लाल भागात रेघांचे बारकावे उरत नाहीत. पडद्यावर फोटो सुंदर दिसतो, म्हणून हे लक्षात येत नाही. फोटो पाहताना डी९० तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दाखवतो. त्यातला लाल उजव्या भिंतीला टेकला असेल, तर एक्स्पोजर ०.७ ने कमी करायचं. रंगासाठी 'न्यूट्रल'.

उजेड

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. वरचं सगळं दुरुस्त करूनही भर दुपारी काढलेला फोटो सपाटच आला, आणि जगातला सर्वांत महाग कॅमेरा आणला असता तरी तसाच आला असता.

कातळशिल्प म्हणजे दगडात काही सेंटिमीटर खोल गेलेली रेघ. रंग सगळीकडे एकच. डोळ्याला ती दिसते ती फक्त सावलीमुळे. दोन सेंटिमीटर खोल रेघ धरा. सूर्य क्षितिजापासून ६० अंश वर असेल, तर तिच्या कडेची सावली सव्वा सेंटिमीटरही पडत नाही. सूर्य १५ अंशांवर आला, की तीच सावली साडेसात सेंटिमीटर होऊ पाहते, म्हणजे पूर्ण रेघ सावलीने भरते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ऊन थेट डोक्यावर असतं, तेव्हा सावली नाहीच. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास, एवढाच कामाचा वेळ.

पण दिशाही हवी. उजेडाच्या दिशेतच जाणारी रेघ सावली धरत नाही. म्हणून प्रत्येक आकृतीला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा भेट द्यायची. एका खेपेत माशाचं पोट दिसलं, तर दुसऱ्या खेपेत त्याची शेपटी दिसते. सरांच्या वहीत आता प्रत्येक आकृतीपुढे 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' असे दोन रकाने आहेत.

सूर्य मावळल्यावर आणखी एक संधी मिळते. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ २००, एफ/८, काही सेकंदांचं एक्स्पोजर, आणि एकाने टॉर्च कातळाच्या जवळजवळ पातळीत धरून लांबून बाजूने उजेड टाकायचा. दिशा आपल्या हातात येते. वेगवेगळ्या दिशांनी चार-पाच फोटो घेतले, की दिवसा कधीच न दिसलेल्या रेघा उठून येतात. सरांनी जी आकृती इतकी वर्षं 'अपूर्ण' म्हणून नोंदवली होती, तिचे मागचे दोन पाय अशाच टॉर्चच्या उजेडात दिसले. त्या रात्री सरांनी रेखाटन तिथेच बसून पूर्ण केलं.

रेघा उठाव्यात म्हणून काही जण त्यांत खडू भरतात, पाणी ओततात, काठीने माती उकरतात. हे कृपया करू नये. खडूचे कण जांभ्याच्या छिद्रांत बसतात, उकरताना कडा तुटतात, आणि आपल्याला वाटलेली रेघ पुढच्या माणसाला खरी रेघ म्हणून दिसते. वाळलेलं गवत आणि पालापाचोळा हाताने बाजूला करावा, त्यापलीकडे नाही.

१२ मेगापिक्सेल पुरतात का

४२८८ पिक्सेलांची रुंदी २४ इंचांवर पसरली, तर इंचाला साधारण १८० पिक्सेल पडतात. हातभर अंतरावरून पाहायच्या प्रिंटला एवढं चांगलं चालतं, फक्त प्रत्येक पिक्सेल खरा हवा. अडचण मोठ्या आकृत्यांची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. एवढी आकृती एका फोटोत घेतली, तर एक पिक्सेल चार मिलिमीटरहून जास्त भाग दाखवतो.

मोठ्या आकृत्यांसाठी तुकड्यांत फोटो घेतले. आकृतीच्या बाहेर, मोकळ्या कातळावर घडीची शिडी लावली, तिचे पाय कुठल्याही रेघेवर येत नाहीत हे दोनदा पाहिलं. कॅमेरा मोनोपॉडच्या (एकपायी दांड्याच्या) टोकाला, पट्टा मनगटात, दहा सेकंदांचा टायमर. १८ एमएमवर तीन मीटर उंचीवरून सुमारे चार मीटर रुंदी एका फोटोत येते, म्हणजे एक पिक्सेल जवळपास एका मिलिमीटरचा. इथे ट्रायपॉड नाही, म्हणून शटर १/२५०, आयएसओ ४००, व्हीआर चालू. प्रत्येक फोटोचा निदान तिसरा हिस्सा शेजारच्यावर चढलेला ठेवायचा. नंतर हे तुकडे 'हगिन' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडले. कॅमेरा लेन्ससकट किलोभर वजनाचा आहे, वारा सुटला की काम थांबवायचं.

रॉ फाइलवरचं काम निकॉनच्याच मोफत एनएक्स स्टुडिओत केलं, कारण सरांना ते समजायला सोपं गेलं. डार्कटेबल आणि रॉथेरपीही मोफत आहेत, अधिक ताकदीची आहेत आणि शिकायला वेळ घेतात. केलं ते एवढंच : लेन्सने वाकवलेल्या कडा सरळ करणं, कडेची रंगीत झालर काढणं, कॉन्ट्रास्ट किंचित वाढवणं आणि प्रिंटच्या आकाराला अनुसरून थोडं शार्पनिंग.

एआयने फोटो मोठा करणारी, तीक्ष्ण करणारी सॉफ्टवेअर सरांच्या मुलाने सुचवली होती. जुन्या जेपेगवर एक करून पाहिलं. निकाल पहिल्या नजरेत फार आकर्षक होता. मग आम्ही तो सरांच्या रेखाटनाशेजारी ठेवला. सॉफ्टवेअरने दगडाच्या भेगेची सफाईदार, गोलसर रेघ करून टाकली होती, जी कातळावर नाही. लग्नाच्या फोटोला हे चालेल. कुणीतरी दोन हजार मैलांवर बसून या फोटोवरून आकृतीचा अभ्यास करणार असेल, तर हे खोटं कागदपत्र झालं. नोंदीच्या फोटोंना असं सॉफ्टवेअर लावायचं नाही, यावर आमचं एकमत झालं. जुने मध्यम आकाराचे जेपेग जसे आहेत तसेच जपायचे.

एक छोटी गळती शेवटी सापडली. फोटो प्रिंटवाल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर जात होते, आणि नेहमीसारखा पाठवलेला फोटो तिथे लहान होतो. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची किंवा पेनड्राइव्हवर द्यायची.

जे सुधारलं नाही

हा कॅमेरा आयएसओ १६००च्या पुढे आजच्या कॅमेऱ्यांसमोर टिकत नाही, आणि टिकणारही नाही. शाळेच्या गॅदरिंगचे, मंदिरातल्या कीर्तनाचे फोटो सर त्यावर काढू पाहतात. तिथे ३५ एमएम एफ/१.८ सारखी लेन्स आणि एलईडीच्या लुकलुकण्यावर इलाज म्हणून १/५० किंवा १/१०० शटर, एवढी मदत होते, पुढे नाही. खोल सावली आणि झगझगीत आकाश एकाच फोटोत नव्या सेन्सरला जितकं सांभाळता येतं, तितकं याला येत नाही. व्हिडिओ ७२०पीचा, आणि कामचलाऊ. यांतलं काही सरांचं मुख्य काम असतं, तर मी त्यांना याच लेन्स चालतील अशी सेकंडहँड डी७२०० बघा म्हणून सांगितलं असतं.

बॅटरी मात्र बदलावी लागली. मेन्यूतली बॅटरीची माहिती तिचं वय शून्य ते चार या पट्टीवर दाखवते, सरांची चारवर होती. पहाटे सड्यावर पोचून टायमर लावायचा आणि कॅमेरा बंद पडायचा, असं व्हायचं ते यामुळे.

वाचनालयातलं प्रदर्शन झालं. जुन्या फोटोंपैकी तीनच लावले, बाकी सगळे नव्याने काढलेले. प्रत्येक प्रिंटखाली तारीख, वेळ, उजेडाची दिशा आणि फोटोत ठेवलेल्या मोजपट्टीची लांबी लिहिली आहे. आता सरांनी यादी केली आहे ती चिरेखाणींच्या सर्वांत जवळ असलेल्या आकृत्यांची. पाऊस संपून गवत वाळलं की त्यांच्यापासून सुरुवात करायची आहे.